पुंखावरचा दिवा

ताईच्या अस्थी घेऊन भाचा काशीला आला, तेव्हा कार्तिकी पौर्णिमेला चारपाच दिवस उरले होते. तो विस्कॉन्सिनहून आला, मी पुण्याहून. ताईची इच्छा साधी होती. जिथे तिने पोहायला शिकून आईचा मार खाल्ला होता, त्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांपुढच्या पाण्यात तिला सोडावे. अमेरिकेत पंचेचाळीस वर्षे काढूनही तिच्या बोलण्यात ‘घाटावर’ हा शब्द आला की तो एकाच घाटाविषयी असे. विधी सकाळी आटोपले. गुरुजींनी भाच्याला गोत्र विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्या वडिलांचे गोत्र सांगण्याऐवजी सवयीने आमचेच सांगून बसलो. ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करता आली. सगळ्याच चुकांचे तसे नसते.

ब्रह्मा घाटाचा मोहल्ला ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एवढेच सांगतो, की पंचगंगेवरून उत्तरेकडे निघाले म्हणजे दुर्गा घाट लागतो आणि त्याला लागून ब्रह्मा घाट. या टापूत नाना फडणविसांचा वाडा आहे, दत्ताचे देऊळ आहे, सारस्वतांचा काशी मठ आहे. भाद्रपदात येथे गणपती बसतो आणि त्यापुढे जे मराठी बोलले जाते त्यात ‘जाऊन येतो’ला ‘होऊन येतो’ म्हणतात. आम्ही त्याच मराठीत वाढलो. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा माझ्या मराठीला लोक हसत, आणि पुढे मी मराठीचाच समीक्षक झालो, यात थोडा सूडाचा भाग असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आमच्या बिऱ्हाडाची खिडकी नदीवर उघडत असे. पहाटे वीज नसे. असली तरी गल्लीतला दिवा घाटापर्यंत पोचत नसे. त्या काळोखात पहिली जाग येई ती पाणी भरण्याच्या आवाजाने. तांब्याची घागर तिरपी करून पाण्यात धरली की आत शिरणारे पाणी आणि बाहेर पडणारी हवा यांची झटापट होते. आरंभी मोकळा, मग घुसमटता, शेवटी भरून आल्यासारखा असा तो आवाज असतो. कोण भरते आहे हे दिसत नसे. ताई पैजा लावी. ‘ही दत्ताच्या देवळातली काकू,’ ‘हे खालचे वैद्य.’ दहातल्या सहा पैजा ती हरत असे, पण आवाजावरून माणूस ओळखता येतो हा तिचा विश्वास काही ढळला नाही.

त्या संध्याकाळी भाच्याला घेऊन मी पंचगंगेवर गेलो. अश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत येथे आकाशदिवे लावतात. उंच वेळूच्या टोकाशी दोरीने वेताची टोपली चढवायची, तिच्यात पणती. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून टोपली विणलेलीच हवी; तिच्या भोकांतून प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी गळतो. पितरांना वाट दिसावी म्हणून हा दिवा. शेजारी हजार दिव्यांचा दगडी स्तंभ, तो अहल्याबाई होळकरांनी उभारला असे सांगतात. भाचा बराच वेळ वर पाहत राहिला. मग त्याने कोटाच्या खिशात हात घातला, आणि काहीतरी चाचपून बाहेर काढले.

‘‘मामा, हे बघा. चुकून बरोबर आलं. शिकारीचा कोट हाच.’’

बोटाच्या एका पेराएवढी, अर्धपारदर्शक प्लास्टिकची वस्तू. एका टोकाला खाच, दुसऱ्या टोकाला आगकाडीएवढी बारीक बॅटरी. त्याने ती दोन बोटांत दाबली, आणि तिच्या पोटात लाल उजेड पेटला.

तो शिकार करतो हे मला ठाऊक होते. ताईने कधीतरी पत्रात लिहिले होते, तेही ‘शाकाहारी आईचा मुलगा’ अशा मथळ्याखाली लिहावे तसे. कशी करतो हे मात्र मी कधी विचारले नव्हते. त्या संध्याकाळी विचारले. त्याने सांगितले ते असे. तो धनुष्याने हरणाची शिकार करतो. खांदा दुखावल्यापासून क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याने. त्याच्या राज्यात 2014 पासून ते सर्वांना खुले आहे. झाडावर मचाण बांधायचे, वीसतीस यार्डांवर हरीण येण्याची वाट पाहायची. हरणे येतात ती कातरवेळी. बाण सुटतो तो सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास, क्रॉसबोचा त्याहूनही वेगाने. त्या उजेडात तो डोळ्याला दिसतच नाही. दोरी सुटल्याचा आवाज, मग एक बोथट आवाज, मग झाडीत काहीतरी पळाल्याचा. बाण लागला की नाही, लागला तर छातीत की पोटात, हे कळायला मार्ग नाही. म्हणून बाणाच्या शेपटीला, जिथे तो दोरीत बसतो तिथे, हा दिवा. दोरीने बाण ढकलला की त्या धक्क्यानेच आतली कळ दाबली जाते. बाण हातात असेतो काळोख. सुटला की एक लाल रेघ, आणि ती जिथे थांबेल तिथे एक लाल ठिपका.

‘‘नेम चांगला लागतो का याने?’’ मी विचारले.

‘‘नाही. उलट थोडा बिघडू शकतो. मागे वजन वाढतं ना. नेमाशी याचा काही संबंधच नाही, मामा. हा फक्त नंतर सांगतो, काय झालं ते.’’

वजन तो ग्रेनमध्ये सांगत होता. ग्रेन म्हणजे मूळचा एक दाणा, आपल्या सोनारांच्या गुंजेचा चुलतभाऊ. साधी खाच आठदहा ग्रेनांची असते, दिव्याची वीस-पंचवीस; म्हणजे आपल्या हिशेबाने दहाबारा गुंजा. एवढ्यानेही बाणाचा तोल मागे सरकतो, म्हणून टोकाला वजन घालून तो सावरायचा. क्रॉसबोच्या खाचेचा आकार तर बनवणाऱ्याने सांगितला तोच घ्यावा लागतो. चुकीचा बसवला तर दोरी बाणावरून घसरते, धनुष्य रिकामेच सुटते आणि मोडते, कधी धरणाऱ्याच्या हाताला इजा होते. हे सगळे तो ज्या गांभीर्याने सांगत होता, ते पाहून मला भागवतातल्या शरकाराची आठवण झाली. त्याचे पुढे सांगतो.

‘‘हे केव्हापासून लावायला लागलास?’’

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘एक मादी हरवली तेव्हापासून.’’

दिवे नसतानाच्या एका शरदात त्याने बाण सोडला, तो लागल्याचा आवाज आला, हरिणी पळाली. खाली उतरून त्याने बाण शोधला, सापडला नाही. बाण सापडला तर त्यावरून पुढचे वाचता येते. लाल, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, ती जवळच पडलेली असते. हिरवट, दुर्गंधी डाग म्हणजे पोट. मग कित्येक तास तिच्या मागे जायचे नाही, कारण हुसकली तर जखमी अवस्थेत मैलोगणती चालते आणि हाती लागत नाही. बाण गोळीसारखा हादऱ्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. त्याच्याजवळ बाण नव्हता, म्हणून वाचायला काही नव्हते. तो घाईने मागावर गेला. पहाटेपर्यंत बॅटरी घेऊन पालापाचोळा उलथत राहिला. ती मिळाली नाही.

‘‘आईला फोन केला होता. वाटलं, रागावेल. ती फक्त म्हणाली, सापडली का रे? दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला, सापडली का? आठवडाभर.’’

ताईचा हा प्रश्न मी ऐकलेला होता. हरिणीविषयी नव्हे.

संस्कृतात बाणाच्या या मागच्या भागाला पुंख म्हणतात. पिसे आणि खाच मिळून. मराठीत तो शब्द पोथ्यांतून आला आणि पोथ्यांतच राहिला. कालिदासाचा दिलीप राजा नंदिनीवर झडप घालणाऱ्या सिंहाला मारण्यासाठी भात्याकडे हात नेतो, आणि त्याची बोटे पुंखालाच चिकटून बसतात. चित्रात काढल्यासारखा तो जागच्या जागी राहतो. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गातला हा प्रसंग मी निदान पंचवीस वर्षे शिकवला. त्यात एक बारकावा आहे, त्याकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते: राजाच्या नखांच्या प्रभेने बाणाची कंकपिसे उजळली आहेत. म्हणजे पुंखावर दिवा आहे. मात्र तो बाण सुटलेला नाही, सुटणारही नाही. माझ्या भाच्याचा दिवा सुटल्यावरच लागतो. कवीला जो उजेड आधी सुचला, तो यंत्राला नंतरच देता आला, असे म्हणून हे प्रकरण मिटवण्याचा मोह मला झाला. पण त्यात यंत्रावर अन्याय आहे. भाच्याची चूक नेमाची नव्हती. काय मारतो आहोत हे त्याला दिसत होते. त्याला हवे होते ते आपल्या कृत्याचा माग.

काय मारतो आहोत हेच ज्याला दिसले नाही, त्याची गोष्ट वेगळी. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दशरथ ती स्वतः सांगतो, कौसल्येला, राम वनात गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री. आणि त्याच रात्री मरतो. आपण तिला श्रावणबाळाची गोष्ट म्हणतो, पण वाल्मीकींनी त्या मुलाला नाव दिलेले नाही. पावसाळा, शरयूचा काठ, रात्र. तरुण दशरथाला शब्दवेधी म्हणून कीर्ती मिळालेली. पाण्यात घडा भरल्याचा आवाज येतो, त्याला तो हत्तीचा वाटतो, आणि बाण जातो.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला कधी प्रश्न पडला नाही, कारण घागर बुडण्याचा तो घुसमटता आवाज मी रोज ऐकत होतो आणि काळोखात तो एखाद्या मोठ्या जनावराचा वाटू शकतो हे मला मान्य होते. आज मला त्या कथेचा पुढचा भाग अधिक कठीण वाटतो. मुलगा म्हणतो, बाण काढ. राजापुढे पेच असा, की बाण राहिला तर वेदना, काढला तर मृत्यू. तो काढतो. मग तोच घडा भरून घेऊन मुलाने सांगितलेल्या पायवाटेने जातो. आंधळा बाप पावलांचा आवाज ऐकतो आणि म्हणतो, बाळा, इतका उशीर का केलास. एका रात्रीत दोनदा आवाजावरून ओळख चुकली. मात्र राजा गेला. बाण कुठे लागला हे पाहायला तो काळोखातून उतरला, घडा उचलला, त्या दोघांसमोर उभा राहिला. त्याच्या पुंखावर दिवा नव्हता, तरीही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात बाण दोनदा येतो. अवधूत आपल्या चोवीस गुरूंत एका शरकाराचे नाव घेतो: बाण सरळ करण्यात तो इतका गढला होता, की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही. त्याच स्कंधाच्या शेवटी जरा नावाचा व्याध कृष्णाचे पाऊल हरीण समजून बाण सोडतो. या स्कंधावरील टीका एकनाथांनी काशीतच पुरी केली, शके 1495, म्हणजे 1573 साली, कार्तिकी पौर्णिमेला. ओव्या अठरा हजारांहून अधिक. आम्हा ब्रह्मा घाटावरच्या मुलांना हे तिथीसकट पाठ असे, कारण तो दिवस आकाशदिव्यांच्या शेवटाचा. एकाग्रतेचा गुरू शरकार; पण त्याने घडवलेला बाण पुढे कोणाला लागला, याची चौकशी अवधूत करीत नाही. तो प्रश्न कदाचित त्या गुरूकडे नेण्याचा नसेल.

अमेरिकेतही या दिव्यावर वाद झालाच. तेथे धनुर्धारी शिकाऱ्यांची एक जुनी संस्था आहे, पोप अँड यंग क्लब, 1961 ची. शिकार न्याय्य रीतीने झाली की नाही यावर त्या जनावराची नोंद घ्यायची की नाही हे ती ठरवते. बाणाला विजेचे उपकरण लावलेले असेल तर नोंद नाही, असा तिचा दीर्घकाळ दंडक होता. 2014 साली तिने या दिव्यापुरता तो सैल केला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला समजू शकते: आज दिवा, उद्या आणखी काही, मग धनुष्य कशासाठी? ज्या डॉक्टर सॅक्सटन पोप यांचे नाव संस्थेला आहे, त्यांनी धनुर्विद्या इशीकडून शिकली. याही जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एकटा, उपाशी सापडला. त्याची माणसे गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याने उरलेली वर्षे काढली आणि 1916 मध्ये क्षयाने तो गेला. आपले खरे नाव त्याने कोणाला सांगितले नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत नुसते ‘माणूस’. संस्कृतात बाणाला ‘इषु’ म्हणतात, हा निव्वळ योगायोग. पण माझ्यासारख्याचे कान असल्या योगायोगांवर टवकारतात, आणि तोच तर माझा दोष आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न उरलेला नाही. भाच्याचा छंद येथे गुन्हा ठरेल. मला स्वतःला शिकार पटत नाही, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, आईलाही पटत नव्हती.

आता ताईच्या प्रश्नाविषयी.

1987 साली, डॉक्टरेट नुकतीच पदरात पडलेली असताना, मी एका नियतकालिकात वऱ्हाडातल्या एका शिक्षकाच्या पहिल्या कवितासंग्रहाचे परीक्षण लिहिले. पुस्तक स्वतःच छापलेले होते, मुद्रणदोषांनी भरलेले. त्यातल्या काही कवितांची लय मला ओळखीची वाटली. एका नामवंत कवीची ती उसनी लय आहे असा निष्कर्ष मी काढला आणि शेवटी एक वाक्य लिहिले, जे पुढे दोनतीन वर्षे साहित्यिक बैठकांतून सांगितले जात होते. ते मी येथे पुन्हा लिहीत नाही. तेव्हा त्याचा मला अभिमान वाटला. ताईला अंक पाठवला. तिचे पत्र आले. परीक्षणाचे एका ओळीत कौतुक, आणि खाली, ‘ते गृहस्थ आता काय लिहितात रे?’ मी काहीतरी विनोदी उत्तर दिले. दोन वर्षांनी तिने पुन्हा विचारले. मग मला वाटते, तिने ओळखले आणि विचारणे सोडले.

2009 साली एका प्रबंधाचा बहिःस्थ परीक्षक म्हणून मी विदर्भात गेलो. विषय एका तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या. प्रबंध सामान्य होता, परिशिष्ट असामान्य. रात्री अतिथिगृहात ते चाळताना मी एका पानावर थांबलो. ती लय, आणि ओळींच्या दोन जोड्या तर जवळजवळ शब्दशः, मी बावीस वर्षांपूर्वी ‘उसन्या’ ठरवल्या होत्या. गाणाऱ्या बाईंच्या नावाखाली गाव, वय, आणि संकलकाने कर्तव्यबुद्धीने टिपलेली माहिती: मुलगा प्राथमिक शिक्षक. त्या माणसाने नामवंत कवीची नव्हे, आपल्या आईची लय घेतली होती. बहुधा त्या नामवंतानेही अशाच कुठल्या आईची घेतली असावी. मी आवाजावर बाण सोडला होता. घागर भरत होती आणि मला हत्ती ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा संपल्यावर मी मार्गदर्शकांना त्या शिक्षकांविषयी विचारले. चारपाच वर्षांपूर्वी वारले, त्यांनी सांगितले. दुसरा संग्रह? नाही, काही छापले नाही. माझ्या परीक्षणामुळे? असे कोणी म्हटले नाही, आणि मीही तसे म्हणणार नाही. एका परीक्षणाने कवी संपतो असे मानणे हाही समीक्षकाचा अहंकारच. संसार असेल, बदल्या असतील, कवितेनेच त्यांना सोडले असेल. पण मी कधी पाहिलेच नाही. ते गाव तिथून दोन तासांवर होते, आई तेव्हा हयात होती, परिशिष्टात पत्ता होता. मी संध्याकाळच्या गाडीचे आरक्षण आहे असे सांगून निघालो. आरक्षण खरेच होते.

हे मी ताईला कळवले नाही. कळवले असते तर तिने काय विचारले असते ते मला ठाऊक होते.

भाच्याला मी पंचगंगेच्या पायऱ्यांवर बसून हे सांगितले. त्याला मराठी समीक्षेशी काही कर्तव्य नाही. त्याने ती हरिणीची गोष्ट असल्यासारखी ऐकली. शेवटी म्हणाला, ‘‘मामा, आई असती तर अजून जायला सांगितलं असतं.’’ मी म्हटले, ती बाईही आता नसेल. तो म्हणाला, ‘‘म्हणजे विचारलं नाहीत.’’

निघताना त्याने तो दिवा विझवायचा प्रयत्न केला. त्याला बारीक टाचणी लागते. ती कुठून असणार? ‘‘राहू दे,’’ मी म्हटले. ‘‘किती वेळ चालतो?’’ ‘‘चालेल वीस-चोवीस तास.’’ चुलतभावाकडे आम्ही उतरलो होतो, त्याच जुन्या वाड्यात. मी तो दिवा खिडकीच्या कोनाड्यात ठेवला. शेजारी ताईचा रिकामा कलश होता, त्याच्या पितळेवर एक लाल ठिपका उमटला. भाचा प्रवासाने दमलेला, लगेच झोपला. मी प्रबंधाच्या त्या पानाची झेरॉक्स प्रत बॅगेतून काढली. होय, ती माझ्याजवळ असते. पत्ता वाचता येत होता. मी तो डायरीत उतरवून घेतला, पिनकोडसकट.

पहाटे जाग आली तेव्हा दिवा तसाच होता, किंचित मंद. खाली घाटावर कोणीतरी पाणी भरत होते. पितळेची नव्हे, प्लास्टिकची घागर असावी, आवाज पोकळ होता. तिथले कोणी की गावाहून आलेले, बाई की पुरुष, ते सांगता येत नव्हते. मी उठून खिडकीशी गेलो आणि खाली वाकून पाहिले.